बडोद्यात '१९०७ चा एक दिवस': वेश, बोरू, ठसे, कल्हई. काय जमेल, काय नको?

दांडियाबाजारकर
मंडळातर्फे जानेवारीच्या शेवटच्या रविवारी एका वाड्याच्या चौकात सयाजीरावांच्या काळातला एक दिवस उभा करायचा आहे. साल १९०७ धरलंय, म्हणजे सक्तीचं प्राथमिक शिक्षण अमरेलीपुरतं न राहता संस्थानभर गेलं तो सुमार. चौक ४० बाय २५ फूट, वेळ १० ते ५, एका वेळी साधारण ६० माणसं. शाळा, दफ्तर (कचेरी), लाकडी ठशांनी कापडावर छापकाम, कल्हई (भांड्यांना आतून कथलाचा थर) आणि एक गोरा साहेब असा विचार आहे. पोशाख भाड्याने आणावेत का? लोकांच्या हाताला नेमकं काय द्यावं? शिवाय तरुण मंडळींना तलवारी-बंदुका हव्या आहेत.

पोळकर
तारीख चांगली निवडलीत. उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या आठवड्यात ठेवली असती तर सगळं बडोदं गच्चीवर आणि चौकात तुम्ही दोघं-तिघं.

भाड्याच्या दुकानात जाऊन नुसतं 'मराठी राजेशाही' म्हणालात तर मावळ्याचा अंगरखा हातात पडेल. तो तुमच्या सालाच्या सव्वादोनशे वर्षं आधीचा. कारकुनाला धोतर, बंद गळ्याचा कोट, उपरणं आणि पगडी. पगडी डोक्यावर गुंडाळायची वस्तू नाही, ती साच्यावर बांधून, शिवून तयार मिळते. मिळाली नाही तर साधी काळी टोपी घाला, पण लग्नातला तयार फेटा नको. बायकांना सुती नऊवारी आणि पुढे गाठ मारायची चोळी. पाठीवर हूक असलेलं ब्लाउज पदराआडूनही कळतं. पॉलिएस्टरची जरतार उन्हात आरशासारखी चमकते, ती टाळा.

साहेबाला लाल कोट चढवायचा मोह होईल. १९०७ ला तो समारंभापुरता उरला होता, रोजच्या कामाला खाकी आणि सोलाची टोपी.

शस्त्रं लाकडी. ९ इंचांहून लांब धारदार पातं शस्त्र नियमांत येतं, आणि बार तर नुसत्या दारूचासुद्धा काढू नका. बंद चौकात आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो.

चलन १६ आण्यांचा रुपया, ४ पैशांचा आणा. पुठ्ठ्याची नाणी कराल तर बाबाशाही (संस्थानचं जुनं नाणं) काढू नका, तोवर इंग्रजी रुपया चालू झाला होता. शाळेत पाटी, आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मोठ्याने. मुलांना 'पाव नव्वे किती?' विचारा, आई-वडीलच आधी अडतात.

बोरूबहाद्दर
दफ्तराच्या कोपऱ्याला दोन बैठी मेजं, दौती, वाळूची डबी. मोडी लिहिताना आधी पानभर आडव्या शिरोरेघा ओढतात आणि अक्षरं त्यांना खाली लटकवत जातात. हे पाहूनच लोक थांबतात, म्हणून रेघा आधी ओढून ठेवू नका, समोर ओढा.

बोरू (टोक कापलेली वेळूची लेखणी) ८-९ इंच लांब. टोक तिरकं कापा, जिभेची रुंदी दीड-दोन मिलिमीटर, मधोमध बारीक चीर. चीर लांब गेली की दाबाखाली जीभ फाकते आणि शाई थेंबाने पडते. दौतीत सुती चिंधी कोंबा, बोरू चिंधीवर टेकवला की हवी तेवढीच शाई लागते.

शाई: हिरड्याची पूड ५० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर, रात्रभर भिजवून निम्मं होईपर्यंत आटवा, मलमलीतून गाळा. मग हिराकस (लोखंडाचा क्षार) १५ ग्रॅम, बाभळीचा डिंक १० ग्रॅम. भांडं काचेचं किंवा एनॅमलचं, लोखंडी नको. हिराकस वाढवलं तर शाई जास्त काळी होते खरी, पण पुढे कागद खाते. दोन दिवस आधी करा. खळ न लावलेल्या हातकागदावर ती फुटते. कागदाला पातळ खळ लावा, वाळला की गुळगुळीत दगडाने घोटा.

ठसेवाली
वरच्या शाईतलाच खेळ (हिरडा आणि लोखंड भेटले की काळं) कापडावर करा, छापकामाला दुसरं काही लागणार नाही.

मांजरपाट (कोरं सुती कापड) १ किलो (१० इंची साधारण शंभर रुमाल). आधी उकळून कांजी पूर्ण काढा, नाहीतर छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो. हिरडा १५० ग्रॅम रात्रभर भिजवा, त्या पाण्यात कापड अर्धा तास, पिळून उन्हात सपाट वाळवा. नंतर धुवायचं नाही. कापड फिकट पिवळं दिसतं.

काळ्यासाठी गंजलेलं लोखंड १ किलो, गूळ पाव किलो, पाणी ३ लिटर, झाकण सैल ठेवून १५ दिवस. घट्ट बूच लावलंत तर बरणी फुटेल. गाळून चिंचोक्याच्या पिठाची खळ मिसळा आणि पळीवाढं करा. पीठ आधी गार पाण्यात कालवा, गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या ठशाच्या नक्षीत अडकतात.

ठसे गुजरातेतच पेथापूरला कोरतात. नवा ठसा तेलात मुरवून घ्या, कोरडं लाकूड रंग पितं. मेजावर गोणपाट आणि वर सुती चादरीच्या चार घड्या. कडक मेजावर फक्त कडा उमटतात. ठसा बुडवायचा नाही. रंगाच्या तबकात मलमलीच्या घड्या ठेवून त्यावर हलका टेकवायचा, कापडावर उभा ठेवून मुठीने एकदा ठोकायचा. फिसकटतो तो उचलताना सरकल्यामुळे.

तपकिरी खळ पिवळ्या कापडाला लागली की मुलांच्या डोळ्यांसमोर काळी पडते, समजावून सांगायची गरज उरत नाही. अंगावर जुने कपडे किंवा एप्रन सक्तीचे, कपड्यावरचा डाग सहसा निघत नाही. हातांना लिंबू.

दांडियाबाजारकर
लोखंडाची बरणी आजच लावतो. कल्हई लोकांच्या हातात द्यायची का?

भातेवाला
नाही, ती फक्त पाहायची, तीही ३ मीटरवरून आणि जिकडून वारा येतो त्या बाजूने. नवसागराचा पांढरा धूर घशाला लागतो. लहान मुलांना फार तर लांब दांड्याचा भाता द्या.

फरशीवर थेट भट्टी पेटवलीत तर फरशी तडकते. विटांचा थर, वर ६ इंच माती, बाजूला वाळूची बादली. भांडं तांब्या-पितळेचं, आधी चिंच आणि राखेने घासून. तुपाचा अंश राहिला की कथील पसरत नाही, थेंब-थेंब होऊन पळतं. भांडं तापलं की नवसागर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने आतून झरझर फिरवायचं. मध्यम पातेल्याला बोटाच्या पेराएवढं कथील पुरतं. कथील २३२ अंशांना वितळतं, त्याच्या फार वर गेलात तर पिवळट डाग येतात. शेवटी गार पाण्यात बुडवा.

इलेक्ट्रिकच्या दुकानातली सोल्डरची तार कथील म्हणून कुणी आणून दिली तर परत करा. तिच्यात बहुधा शिसं असतं आणि त्याच पातेल्यात कुणीतरी आमटी करणार.