७१८ च्या छापलेल्या कूपनमध्ये डेल्टाच्या सुया: ९८० चं सोल्युशनिंग वगळू का?

मेटलर्जीवाले कुणी असतील तर कृपया वाचा, जरा लांबलंय.

लेझर पावडर बेडवर (पावडरचे थर लेझरने वितळवून) छापलेले इन्कोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूचे कूपन, म्हणजे चाचणीचे नमुने आहेत. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर हीट ट्रीटमेंट मात्र फोर्जिंगचीच (ठोकून घडवलेल्या धातूची) आहे: ९८० °से.ला १ तास सोल्युशनिंग (नको असलेली संयुगं धातूत विरघळवणं), मग एजिंग, म्हणजे ताकद देणारे बारीक कण घडवायला ७१८ ला ८ तास, तिथून ताशी ५५ अंशांनी ६२१ पर्यंत उतरायचं आणि एजिंगचे एकूण १८ तास भरेपर्यंत तिथेच थांबायचं. (मिश्रधातूही ७१८ आणि एजिंगही ७१८ ला. भट्टीच्या नोंदवहीत यावरून जो गोंधळ उडतो, तो वेगळाच.) पहिला लॉट असाच केला. हार्डनेस छान आली, पण एलाँगेशन (तुटण्याआधी ताणलं जाणं) कमी, आणि एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) डेल्टाच्या, म्हणजे निकेल-निओबियम संयुगाच्या सुयाच सुया. ग्रेन बाउंडरीवर (धातूच्या स्फटिककणांच्या सीमेवर) थोड्या असत्या तर चाललं असतं. इथे ग्रेनच्या आतही रांगेने बसल्यात.

मला वाटतं ते असं. छापताना धातू सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने गोठतो. जेमतेम मायक्रॉनभर रुंदीचे सेल तयार होतात आणि निओबियम, मॉलिब्डेनम शेवटच्या द्रवात ढकलले जाऊन सेलच्या भिंतींवर लाव्हेस फेज (निओबियम साठवणारं ठिसूळ संयुग) बनते. सरासरी निओबियम ५ टक्क्यांच्या आसपास असला तरी भिंतीत बराच जास्त. ९८० ला लाव्हेस थोडी विरघळते, पण सुटलेला निओबियम लांब पसरत नाही, जागच्या जागी डेल्टा होतो. आणि डेल्टात अडकलेला निओबियम गॅमा डबल प्राइमला (एजिंगमध्ये बनणाऱ्या बारीक फेजला) मिळत नाही, जिच्यावर ७१८ ची मुख्य ताकद.

दुसरा लॉट अजून छपाईच्या प्लेटवरच आहे. १०६५ ला दीड तास ठेवून ९८० वगळावं आणि सरळ एजिंगला जावं का? ग्रेन वाढतील का? हिपिंगचा (गरम असताना सगळीकडून वायूचा दाब देण्याचा) खर्च ग्राहक देणार नाही.

भट्टीवाला:
निदान बरोबर आहे. ९८० हे डेल्टाच्या सॉल्व्हसखाली (तो पुरता विरघळतो त्या तापमानाखाली) येतं. फोर्जिंगमध्ये ते मुद्दाम तसं ठेवतात, म्हणजे बाउंडरीवरचा डेल्टा ग्रेनला वाढू देत नाही. छापलेल्या धातूत आधी निओबियम पसरवायला हवा.

१०६५ चा आकडा हवेतला नाही. एएसटीएम एफ३०५५ या मानकात छापलेल्या ७१८ साठी प्लेटसकट स्ट्रेस रिलीफ (आतले ताण काढणं) १०६५ ± १५ ला ८५ ते १०५ मिनिटं दिलंय. ग्राहकासमोर तेच ठेवा, तुमच्या फोटोंपेक्षा त्याचं वजन जास्त पडेल. ग्रेनची फार काळजी नको: १०६५ ला रिक्रिस्टलायझेशन (नवे ग्रेन बनणं) बहुधा अर्धवटच होतं, उभे ग्रेन बरेचसे टिकतात. म्हणून उभ्या आणि आडव्या कूपनच्या आकड्यांतला फरकही पुरता जाणार नाही. तो मोडायचा तर ११२० ते ११८५ चं हिपिंगच लागतं.

पण ९८० वगळण्याआधी एक सांगा, स्ट्रेस रप्चरची (गरम असताना सततच्या भाराखाली किती वेळ टिकतं त्या चाचणीची) अट आहे का? फोर्जिंगवाल्यांकडेही १०६५ च्या आसपासचं सोल्युशनिंग जुनंच आहे, जाड भागांत त्याने डक्टिलिटी (ताणलं जायची क्षमता) चांगली मिळते. मात्र नॉच रप्चरमध्ये (खाच पाडलेल्या नमुन्याच्या त्याच चाचणीत) तो धातू ठिसूळ वागू शकतो, कारण बाउंडरीवर डेल्टा उरत नाही.

धागाकर्ती:
अट आहे, नॉचसकट.

भट्टीवाला:
मग ९८० काढू नका, १०६५ च्या नंतर ठेवा. निओबियम एकदा पसरला की तोच १ तास डेल्टाला मुख्यतः बाउंडरीवर आणतो, सेलच्या भिंती तोवर गेलेल्या असतात. ड्रॉइंगमधलं काही खोडायचं नाही, एक पायरी वाढवायची, एवढंच ग्राहकाला पटवायचंय.

पावडरपुराण:
याच पठडीतलं एक उदाहरण. इन्कोनेल ६२५ या दुसऱ्या निकेल मिश्रधातूसाठी ८७० ला १ तास स्ट्रेस रिलीफ सर्रास सुचवला जायचा. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या लोकांनी तपासलं तर त्यातूनच भरपूर डेल्टा निघाला. ११५० ला १ तासात मात्र रचना एकसारखी झाली. ग्राहक अडून बसला तर हे दाखवा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. शेवटची शंका: प्लेट साध्या स्टीलची आहे, १०६५ ला वाकेल का?

भट्टीवाला:
पातळ असेल तर वाकू शकते. खाली सपाट आधार द्या, व्हॅक्यूम किंवा आर्गॉनमध्येच करा, नाहीतर स्केल (ऑक्साइडचा थर) धरेल. प्लेट पुन्हा वापरण्याआधी ग्राइंडिंगला पाठवा. आणि वायर कट (तारेने प्लेटपासून कापणं) स्ट्रेस रिलीफनंतरच, घाई करून आधी कापू नका.