ट्रॅक की रोड? मुलीला एकच निवडायला सांगताहेत

चेनवाला
मुलगी पंधराची. सायकलच्या ट्रॅक (गोल धावपट्टीवरच्या) आणि रोड, दोन्ही शर्यती करते. आता कोच म्हणतात, दोन दगडांवर पाय नको, रोड सोड. ट्रॅकवर पॉइंट्स रेसमध्ये (मधूनमधून स्प्रिंट, त्यांचे गुण मोजतात) तिचं डोकं छान चालतं, रोडवर मात्र चढ आला की मागे पडते. मोठ्या पातळीवर दोन्ही करणाऱ्या बायका खरंच आहेत का? मला सायकलची उतरलेली चेन बसवता येते, बाकी ज्ञान शून्य. त्या बेताने सांगा.

उलटपेडल
काका, आहेत की! बेल्जियमच्या लोटे कोपेकीचं २०२३ बघा. ३० जुलैला महिलांची टूर द फ्रान्स संपली, त्यात ती एकूण दुसरी. तिथून थेट ग्लासगोची जागतिक स्पर्धा. ट्रॅकवर एलिमिनेशन आणि पॉइंट्स रेस दोन्हींचं सुवर्ण, आणि १३ ऑगस्टला रोड रेसचंही.

ट्रॅकवर शिकलेलं रोडच्या शेवटच्या किलोमीटरला उपयोगी पडतं. एलिमिनेशनमध्ये दर दोन फेऱ्यांनी जिचं मागचं चाक सगळ्यात शेवटी रेषा ओलांडतं ती बाद. हो, मागचं चाक! घोळक्यात आत कोंडली गेलीस तर पायात कितीही दम असो, बाहेर. त्यात सायकलला ब्रेक नाहीत आणि पेडल थांबत नाही. त्यामुळे फट कुठे पडणार हे आधीच दिसायला लागतं. मी ट्रॅकवरून रोडवर आले तेव्हा चढांनी रडवलं, पण स्प्रिंटच्या रेटारेटीत जागा सोडायचे नाही.

पंक्चर_पुराण
ताईंनी गोड बाजू सांगितली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑम्नियम (ट्रॅकवरच्या अनेक शर्यतींची मिळून एक स्पर्धा) ११ ऑगस्टला होती आणि टूर सुरू १२ला. कोपेकीने त्या वर्षी टूर सोडली. रोड रेसचं कांस्य मिळालं, ऑम्नियममध्ये चौथी. वेळापत्रकं एकमेकांना विचारून ठरत नाहीत.

आणि पोटाचं बघा. वर्ल्डटूर म्हणजे रोडच्या सर्वोच्च पातळीच्या संघांतल्या बायकांना यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) २०२० पासून किमान पगार ठरवून दिला, सुरुवात वर्षाला १५,००० युरोंपासून. ट्रॅकवाल्यांची मदार बहुतेक राष्ट्रीय संघटनेच्या पैशावर. म्हणून कोचने नेमका रोड सोडायला सांगावा हे मला उलटंच वाटतं.

चेनवाला
पण चढाचं काय?

उलटपेडल
सगळे रस्ते डोंगरातून जात नाहीत हो. ब्रिटनची लिझी डिग्नन २००९ला ट्रॅकवर टीम परसूटची (संघाने मिळून ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात कापायचं) जगज्जेती. २०१५ला रोडची. मग बाळंतपण, आणि २०२१ला बायकांसाठी पहिल्यांदाच झालेली पॅरिस-रुबे ही रोडची शर्यत तिने जिंकली. दगडी रस्ते, पाऊस, चिखल, शेवटचे ऐंशीएक किलोमीटर एकटी. ट्रॅकवर परसूट म्हणजे वेग न पडू देता तोच दाब धरून ठेवणं, ते तिथे कामी आलं असं माझं मत.

आणि अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर! ती चोविशी-पंचविशीत सायकलकडे वळली, नोकरी करत करत. पॅरिसला रोड रेसचं सुवर्ण, त्याच आठवड्यात टीम परसूटचंही. पंधराव्या वर्षी काय ठरवायचं?

चेनवाला
बोलतो कोचशी. एक राहिलं. पॉइंट्स रेसमध्ये ही स्प्रिंट सोडून एकटीच पळत सुटते, अख्खी फेरी घ्यायला, म्हणजे घोळक्याला एक फेरी मागे टाकायला. त्यावरून ओरडा बसतो.

पंक्चर_पुराण
स्प्रिंट जिंकली तर ५ गुण. फेरी घेतली तर २०. फक्त घोळका दमलेला असताना सुटायला सांगा, म्हणजे स्प्रिंट संपल्या संपल्या.

उलटपेडल
+१. आणि शेवटच्या स्प्रिंटला गुण दुप्पट असतात, तेवढा दम राखून.