हायस्कूलच्या क्लबसाठी दर महिन्याला एक थीम: तक्ते आणि भाषणं सोडून काय करता येईल?

फळा_खडू:
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात कोयनेकाठच्या पाटण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, आणि कोणी रजेवर गेलं की भूगोल पण. यंदापासून शनिवारचे शेवटचे दोन तास छंद मंडळाला मिळालेत, मुलं त्याला क्लबच म्हणतात, आठवी-नववीची मिळून तीसेक मुलं आहेत. हेडसरांचं म्हणणं की दर महिन्याला एक थीम घ्या, महिनाअखेरीस काहीतरी दिसलं पाहिजे आणि ग्रुपवर फोटो आले पाहिजेत. कल्पना वाईट नाहीये, पण थीम लिहायला बसले की आपोआप दिनविशेषांची यादीच तयार होते, जून पर्यावरण, ऑगस्ट स्वातंत्र्य, सप्टेंबर शिक्षक दिन, आणि मग पुढचं ठरलेलं, दुकानातून आणलेला तक्ता आणि यूट्यूबवरून पाठ केलेलं भाषण.

दुसरी अडचण म्हणजे मुलांचे सरळ दोन गट पडलेत. काहींना चित्रं, कविता, नाटक पाहिजे, बाकीच्यांना "मॅडम प्रयोग घ्या ना". एकाच थीममध्ये दोघांना खरं काम मिळेल असं काय असतं? बजेट जवळपास शून्य, कॉम्प्युटर लॅबमधली मोजकीच मशीन चालतात. जून ते जानेवारी एवढं सुचवा, त्यानंतर सराव परीक्षा, गॅदरिंग आणि दहावीचे पेपर यात वर्गसुद्धा मोकळा मिळत नाही.

बांधावरचा_वाचक:
मॅडम, तुम्ही पाटणला आहात आणि जूनसाठी थीम शोधताय? आभाळच तुमची थीम आहे की 😀

पर्जन्यमापक बनवायला घ्या. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवला की तेच नरसाळं. बुडाला बाटली वाकडीतिकडी असते म्हणून खाली खडे घालायचे, सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथं शून्याची खूण करायची. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली की झालं. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही तीच वेळ धरा म्हणजे पेपरातल्या आकड्यांशी ताडून बघता येईल. पेपरात पावसाळाभर कोयना, नवजा, महाबळेश्वरचे आकडे येतातच.

आता मजेचा भाग. पंचांगात प्रत्येक पर्जन्य नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, हत्ती असला तर भरपूर पाऊस, कोल्हा, मेंढा असला तर ओढ, असं घरोघरी म्हातारी माणसं सांगतात. एक नक्षत्र साधारण 13-14 दिवसांचं. तर मृगापासून सुरू करा, चित्रवाल्या मुलांनी प्रत्येक नक्षत्राचं वाहन मोठ्या कागदावर काढायचं, खाली पंचांगाचा अंदाज लिहायचा आणि प्रयोगवाल्यांनी त्याच कागदावर रोजच्या मिलिमीटरचे स्तंभ चढवायचे. लिहिणाऱ्यांनी आजी-आजोबांकडून पावसाच्या म्हणी गोळा करायच्या (पहिली कोणती येणार ते मला माहीत आहे, मघांची चुलीपुढची, तयारीत राहा). अंदाज खरा की खोटा हे तुम्ही आधी बोलायचं नाही, आकडे काय म्हणतात ते पोरांनीच ऑगस्टअखेरीस उभं राहून सांगायचं. फक्त एक भांडण आधीच मिटवून घ्या, "भरपूर" म्हणजे किती मिलिमीटर. ते नक्षत्र लागायच्या आधी ठरलं पाहिजे, नाहीतर नंतर प्रत्येक जण आपल्याला पाहिजे तसा अर्थ लावतो. मोठी माणसंसुद्धा.

फळा_खडू:
हे भारी आहे!! पण ही एका महिन्याची थीम राहत नाही ना, जून ते ऑगस्ट जातात. हेडसरांना काय सांगू?

बांधावरचा_वाचक:
दर महिन्याला दोन नक्षत्रांचा कागद भिंतीवर लागतो, फोटो मिळाला की त्यांचं समाधान. महिन्याची थीम म्हणून काम महिन्यातच संपलं पाहिजे असं कुठंय.

जुलैमध्ये हिशोब जोडा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचं छत मोजायला लावा, 100 चौरस मीटर पत्रा असेल आणि दिवसात 50 मिमी पडला तर 5000 लिटर पाणी पन्हळीतून वाहून गेलं. तुमच्याकडं 50 मिमी म्हणजे किरकोळ दिवस. उन्हाळ्यात शाळेला टँकर लागत असेल तर हा आकडा शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये मुलांनाच मांडू द्या.

कोकणकडा_७२:
वरचं सगळं छान आहे पण माझं मत थोडं वेगळं. दर महिन्याला थीम हा प्रकार मुलांपेक्षा अहवालाच्या सोयीचा असतो. पहिला आठवडा समजावण्यात, दुसरा शनिवार पावसाने बुडतो, तिसऱ्याला कोणीतरी इन्स्पेक्शनला येतं, चौथ्याला फोटो. वर्षात चार विषय घ्या आणि ते नीट करा.

आमच्याकडे पावसाळ्यात रानभाज्यांवर काम चालतं. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळं, ज्या घरात जी होते ती मुलांनी आणायची, वर्तमानपत्राच्या घड्यात दाबून वाळवायची, कागद रोज बदलायचे नाहीतर पावसाळी हवेत बुरशी धरते. शेजारी चित्र, घरातलं नाव, आणि आई किंवा आजी ती कशी करते ते तिच्याच बोलीत लिहायचं. शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यात काकडं (आंबट रानफळं) घालतात, ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांची असते, म्हणजे रसायनशास्त्र आलंच. प्रमाणभाषेत "साहित्य आणि कृती" लिहायला लावू नका प्लीज, पहिल्याच पानावर जीव जातो त्यातला.

आणि नियम एकच, तो मोडायचा नाही. शाळेच्या वाटेवर दिसलेलं काहीही तोंडात घालायचं नाही, घरी शिजते आणि मोठ्या माणसाने ओळखली आहे तीच भाजी वहीत येणार.

गणितातला_गोंधळी:
सप्टेंबर माझ्याकडून घ्या. 22-23 सप्टेंबरला सूर्य विषुववृत्तावर असतो, त्या दिवशी दुपारची सगळ्यात लहान सावली मोजली की गावाचा अक्षांश मिळतो, सावली भागिले काठीची उंची म्हणजे अक्षांशाचं टॅन. पाटणला 1 मीटरच्या काठीची सावली साधारण 31 सेमी यायला पाहिजे. सावली बरोबर 12 ला सर्वात लहान असेल असं सगळी पोरं पैजेवर सांगतील, पण तुमच्याकडे ती 12 वाजून 27 मिनिटांच्या आसपास होते, कारण घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि तुम्ही 74 च्या जवळ. म्हणून सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी खडूने टोक मार्क करत जायचं. शनिवार सकाळचा असतो, तेव्हा हे मधल्या सुट्टीत बसवावं लागेल, आणि ढग असले तर दोन दिवस मागेपुढे चालतं, सूर्य रोज साधारण 0.4 अंशच सरकतो.

पुढची पायरी कोणी ओळखीचं धुळ्याला असेल तर. धुळं तुमच्या जवळपास सरळ उत्तरेला आहे, तिथं त्याच दिवशी सावली 38 सेमीच्या आसपास येते. दोन कोनांतला फरक 3.5 अंश, नकाशावरचं सरळ दक्षिणोत्तर अंतर साधारण 390 किमी (एसटीचं अंतर धरू नका, ती वळणं घेत जाते), त्रैराशिक मांडा, पृथ्वीचा परीघ 40 हजार किमीच्या जवळ येतो. दोन काठ्या आणि एक फोन कॉल. नववीला त्रिकोणमिती नुकतीच येत असते आणि "सर याचा उपयोग काय" हा प्रश्न त्या दिवसापुरता तरी बंद होतो.

डिसेंबरला 22 तारखेला रामानुजन असतातच, पण मी म्हणेन कापरेकर घ्या. द. रा. कापरेकर, जन्म डहाणू 1905, देवळालीला शाळेत मास्तर होते, विद्यापीठातली नोकरी नाही की काही नाही, आणि 6174 हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नसावेत, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची वजा करा, हेच करत राहा. 3524 घेतली तर 3087, 8352, 6174, तीन पायऱ्यांत घरी. 2005 ला पुरत्या सात लागतात, सातपेक्षा जास्त कुणालाच लागत नाहीत. मोठ्या कागदावर प्रत्येक संख्येपासून बाण काढत गेलात तर फांद्यांसारखी आकृती होते आणि सगळे बाण एकाच खोडात येतात, ती रंगवायचं काम तुमच्या चित्रकारांचं. तीन अंकी संख्यांनी सुरुवात करा, तिथं 495 येतो आणि कमी दमछाक होते.

फळा_खडू:
सावलीचं नक्की करणार, धुळ्याला माझी नणंदच आहे. आणि कापरेकर आमच्या गणिताच्या सरांना दिले तर ते क्लबला यायला तयार होतील, एरवी शनिवारी सापडत नाहीत 🙈

@कोकणकडा, तुमचं पटतंय, पण "चार विषय" म्हटलं की आमच्याकडे क्लबचा तासच जाईल, म्हणून वरवर महिन्याची नावं ठेवून आत लांबचं काम चालू ठेवते. ऑक्टोबरला काय? सहामाही परीक्षा आणि लगेच दिवाळीची सुट्टी, हातात दोनच शनिवार.

शाईचा_डाग:
ऑक्टोबर = हस्तलिखित दिवाळी अंक. का. र. मित्रांनी 1909 ला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली असं मानतात, तुमच्या मुलांचा हाताने लिहिलेला एकच अंक, एकच प्रत. नवीन काही लिहून घेऊ नका, वेळ नाही. नक्षत्रांचे कागद, म्हणी, रानभाज्यांची पानं, सावलीचे आकडे हे सगळं तुमच्याकडे तयारच असेल, तेच संपादित करायचं. संपादक मंडळ मुलांचं, आणि दोन गट मुद्दाम उलटे करा, प्रयोगवाल्यांनी म्हणींवर प्रस्तावना लिहायची, कवितावाल्यांनी आलेखाखालची दोन ओळींची माहिती. शुद्धलेखन तपासायला बसलात तर अंक दिवाळीनंतर निघेल, तेवढं सांभाळा.

लातूरची_लेक:
कोणीच कोयनेच्या भूकंपाचं बोललं नाही म्हणून लिहितेय. 11 डिसेंबर 1967, पहाटेची वेळ. तेव्हा जी दहा-बारा वर्षांची होती ती माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत, तुमच्या मुलांचे आजी-आजोबाच. अजून दहा वर्षांनी हे विचारायला फार कमी लोक असतील.

पण हे तक्त्याचं काम नाही. आमच्याकडे 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटपून लोक झोपलेले असताना भूकंप झाला, त्यानंतर माहिती घ्यायला आलेली माणसं मी लहानपणी बघितलीत, थेट "तुमचे किती गेले" असं विचारायची. तेव्हा आधी मुलांना विचारायला शिकवा. कुठे झोपला होतात, घर कशाचं होतं, पहिल्यांदा आवाज आला की हादरा, बाहेर कसे पडलात, पुढची रात्र कुठे काढली. माणसांबद्दल समोरच्याने स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, खोदायचं नाही. फोनवर रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी, आणि ते रेकॉर्डिंग शाळेच्या ग्रुपवर टाकायचं नाही, हेडसरांनी मागितलं तरी. एखाद्या आजीने नाही म्हटलं तर विषय संपला, त्या मुलाला दुसऱ्या गटात घ्या.

विज्ञानाला भरपूर जागा आहे यात. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती का कोसळतात आणि लाकडी सांगाडा का तग धरतो, ट्रेमध्ये वाळू, बिस्किटांचे पुडे, आइस्क्रीमच्या काड्या घेऊन मुलांना हलवून बघता येतं. जुन्या घराचा आडवा छेद आजोबांच्या सांगण्यावरून काढायचा, भिंत किती हात जाड, माळवद की कौलं, दार कुठल्या बाजूला उघडायचं. लिहिणाऱ्यांनी मुलाखत जशी बोलली तशी उतरवायची. ही थीम डिसेंबरची असली तरी मुलाखती दिवाळीच्या सुट्टीत होतात, तेव्हा घरी सगळे असतात.

गणितातला_गोंधळी:
मग कापरेकर जानेवारीत ढकला, त्यांचा वाढदिवस 17 जानेवारीच आहे. डिसेंबर भूकंपालाच द्या.

कोकणकडा_७२:
+1. आणि हे इन्स्पायर मानकला (शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना) पण बघून ठेवा. शाळेला 5 कल्पना पाठवता येतात, निवड झाली तर मुलाला 10,000 रुपये मिळतात. छताच्या पाण्याच्या हिशोबातून किंवा पन्हळीतून एखादी खरी कल्पना निघेल. नेटवरून उचललेली "स्मार्ट डस्टबिन" पाठवू नका, ती सगळ्याच शाळा पाठवतात.

माणदेशी_मास्तर:
उशिरा बघितला धागा. मी दहिवडीच्या बाजूला शिकवतो, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यात पण आमच्याकडं वर्षाला 500 मिमीच्या आसपास पडला तर लोक खूश असतात, आणि तिकडं महाबळेश्वरला 5000 च्या वर. आमची मुलं पण मोजतील, बाटल्या जमवायला आजच सांगतो. तुमच्या नक्षत्राच्या कागदावर आमचेही स्तंभ काढा शेजारी, वाहन एकच, पंचांग एकच, आणि एकाच म्हशीने तुमच्याकडं काय केलं न आमच्याकडं काय केलं ते पोरांना एका नजरेत कळेल. आमची पोरं तुमच्यापेक्षा जास्त काळजीने मोजतील एवढं आत्ताच सांगून ठेवतो, इथं 2 मिमीचीपण बातमी होते.

फक्त बाटली दोन्हीकडं सारखी घ्या आणि पत्र्यापासून, झाडापासून लांब, मोकळ्यावर ठेवा. रविवारी कोण मोजणार ते पण ठरवा, आमच्याकडं शाळेशेजारी राहणारी एक मुलगी तयार आहे.

फळा_खडू:
सर, नक्की!! रविवारचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे शिपाईमामा शाळेच्या आवारातच राहतात, त्यांचा नातू आठवीत आहे, त्याला विचारते. मृग लागायच्या आत बाटलीचा फोटो आणि माप तुम्हाला मेसेजमध्ये पाठवते, आणि "भरपूर" म्हणजे किती ते दोन्ही शाळांच्या मुलांनी फोनवर भांडून ठरवू दे, कारण तुमचं भरपूर आणि आमचं भरपूर एक होणं काही शक्य दिसत नाही.

बांधावरचा_वाचक:
दोन वेगळे आकडे ठेवा मग, पण लिहून, आणि दोन्ही मास्तरांच्या सहीने 😀