शब्द हवा: बामून ब्राँझ म्हणजे कांस्यशिल्प की पितळी मूर्ती?

रिकामटेकडा:
मंडळी, कॅमेरूनमधल्या बामून लोकांच्या ब्राँझ शिल्पांवर मराठीत थोडं लिहायचंय. फुंबान हे त्यांचं राजधानीचं गाव, तिथल्या ओतीव वस्तू, म्हणजे राजाचे पाईप, घंटा, म्हशीच्या डोक्यांचे हार वगैरे. 'कांस्यशिल्प' लिहून मोकळा झालो असतो पण एकाने टोकलं की कांस्य नाहीये ते. मग काय लिहू? आणि ओतकामाच्या 'लॉस्ट वॅक्स' पद्धतीला 'हरवलेलं मेण' असं कुठेतरी वाचलं, ते बघून हसू आलं, काही बरा शब्द आहे का?

चिंचपोकळीकर:
टोकणारा बरोबर आहे. कासं म्हणजे तांबं अधिक कथील, पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, आणि फुंबानचं काम बहुतांशी पितळेचं आहे. नायजेरियातल्या बेनिन राज्याच्या शिल्पांचं, म्हणजे बेनिन ब्राँझचंही तेच, नाव ब्राँझ पण माल बराचसा पितळ. इंग्रजीत ब्राँझ हा शब्द ढिला पडलाय, म्युझियमवाले आता सावधपणे 'तांब्याचा मिश्रधातू' लिहितात. पण मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द ठणठणीत असताना ढिलेपणा कशाला? कासं म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तळपायाला तूप लावून घासायची वाटी येते. आणि ती हातातून फरशीवर पडली तर तडकते, पितळेची वाटी पोचा पडून तशीच राहते. वेगळ्या चीजा आहेत हो.
'पितळी ओतीव शिल्पं' लिहा. 'ओतीव' महत्त्वाचं, कारण ठोकीव काम वेगळं.

अभ्यासू कावळा:
+१ ओतीव. लॉस्ट वॅक्सला जुना शब्द आहे की, मधूच्छिष्टविधान. 'मानसार' या शिल्पग्रंथात या नावाचा अध्यायच आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचं उष्टं, म्हणजे मेण. बाराव्या शतकातला कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा 'मानसोल्लास' आहे त्यात तर मापंपण आहेत, मेणाच्या वजनाच्या ८ ते १० पट पितळ किंवा तांबं, १२ पट चांदी, १६ पट सोनं.

रिकामटेकडा:
मस्तच, पण मधूच्छिष्टविधान टाकलं तर वाचक तिथेच झोपेल.

चिंचपोकळीकर:
नका टाकू. 'मेणसाच्याने ओतलेलं' म्हणा, पहिल्यांदा एक वाक्य समजावून सांगा की झालं. आधी मातीचा गाभा, त्यावर मेणाने आकार, म्हशीची शिंगं बिंगं मेणाच्या बारीक दोऱ्या वळून चिकटवायची, वरून बारीक मातीचा लेप, वाळवायचं, तापवलं की मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू शिरतो. साचा फोडल्याशिवाय वस्तू निघत नाही म्हणून एका साच्यातून एकच, दुसरी हवी तर पुन्हा मेणापासून सुरुवात.
आणि हे मूस (धातू वितळवायचं मातीचं भांडं) शब्दावाचून सांगू नका. फुंबानच्या पद्धतीत मूस वेगळी नसते, धातूचे तुकडे भरलेली मूस साच्याच्या तोंडाशीच मातीने जोडून टाकतात, अख्खं एकच मातीचं गाठोडं होतं. ते मुशीची बाजू खाली ठेवून भट्टीत तापवायचं आणि आतला धातू वितळला असा अंदाज आला की काढून उलटं करायचं, मग धातू आपोआप साच्यात उतरतो. अंदाज चुकला की सगळं वाया, कारण आत बघता येत नाही! बस्तरच्या घडवा कारागिरांच्या ढोकरा कामातही (तेही मेणसाच्याचंच ओतकाम) मूस अशीच साच्याला चिकटलेली असते, म्हणजे मराठी वाचकाला शेजारचं उदाहरण देता येईल. दोघांचा एकमेकांशी संबंध आहे असं मात्र लिहू नका, उगाच कुणीतरी फॉरवर्ड करेल.

खडूस पेठकर:
ते सगळं ठीक, पण 'बामून' लिहिताय ते फ्रेंच स्पेलिंगवरून. जर्मन-इंग्रजीत 'बामुम' चालतं, आणि त्यांची स्वतःची भाषा शूपामोम, म्हणजे शेवटी 'म'च आहे. कॅमेरूनवर १८८४ पासून जर्मन, पहिल्या महायुद्धात ते गेल्यावर फ्रेंच, त्यामुळे स्पेलिंगची ही भेसळ. मी तरी बामुम लिहीन. बामून वाचून आमच्या पेठेत लोक भलतंच काही समजतील.

रिकामटेकडा:
हाहा. बामुम फायनल. अजून एक, कोळ्याची आकृती सगळीकडे आहे, 'पितळेवर कोळी कोरलाय' लिहिलं तर मासे पकडणारा वाटतो.

अभ्यासू कावळा:
'आठ पायांचा कोळी' लिहा की. आणि 'कोरलाय' नको, तो मेणात घडवलेला असतो. तो जमिनीत बीळ करून राहणारा कोळी आहे, त्याच्या बिळाच्या तोंडाशी खुणा केलेली पानं ठेवतात, रात्री कोळी ती विस्कटतो आणि जाणकार त्यावरून कौल सांगतो. 'कौल' शब्द इथे फिट बसतो बघा. दोन तोंडांचा साप आहे तो बामुमांच्या म्बुएम्बुए राजाची खूण, एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढला म्हणून. त्याला 'मांडूळ' म्हणू नका, मांडूळ म्हटलं की आपल्याकडे तस्करीच्याच बातम्या आठवतात.

खडूस पेठकर:
आणि इब्राहिम न्जोयाचं नाव घ्याच. स्वतःची लिपी तयार करणारा बामुम राजा, १९३१ मध्ये फ्रेंचांनी त्याला कॅमेरूनच्या राजधानीत, याउंडेला हद्दपार केलं आणि १९३३ मध्ये तो तिथेच वारला. पितळेवर राजवाड्याचाच हक्क असायचा, कुणी काय वापरायचं ते राजा ठरवायचा, त्यामुळे 'लोककला' म्हणायची घाई नको. 'दरबारी कला' म्हणा. आता मात्र फुंबानच्या कारागिरांच्या रस्त्यावर पर्यटकांना पण विकतात.

रिकामटेकडा:
शेवटचं, राजाचा पाईप. हुक्का?

चिंचपोकळीकर:
हुक्का नाही, त्यात पाणी असतं. हा कोरडा आणि त्याची नळी भलती लांब. तंबाखू ज्यात भरतात त्या तोंडाला 'चिलीम' म्हणा, हुक्क्याच्या वरच्या भांड्यालाही आपण चिलीमच म्हणतो, आणि ओतीव नक्षीकाम बघायचं ते तिथेच. बाकीला नुसतं 'नळी' पुरे.