मदत हवी आहे: डिव्हिजन थ्री लॅक्रॉस, अर्ली डिसिजन आणि फीचा प्रश्न

आम्ही अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो. मुलगी आता बारावीत जाईल, शाळेच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) टीममध्ये डिफेन्सला खेळते. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या स्तराचे, कोच अकरावीच्या 1 सप्टेंबरपासून थेट बोलू शकतात. तिकडून काही आलं नाही, तो विषय सोडलाय.

डिव्हिजन थ्रीच्या एका छोट्या कॉलेजच्या कोचना मात्र ती खरंच हवी आहे. व्हिडिओ पाहून त्यांनी लिहिलं, "पाय छान हलतात, उगाच काठी मारायला जात नाही." कॅम्प झाला, ट्रान्सक्रिप्टचं प्री-रीडही (अर्जाआधीच कॉलेजने मार्क पाहून दिलेला अंदाज) चांगलं आलं. आता म्हणतात, अर्ली डिसिजनने अर्ज करा.

अडचण पैशांची आहे. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते, आणि अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचा शब्द दिल्यासारखंच. नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती खर्च येईल याचा कॉलेजचा ऑनलाइन अंदाज) भरून पाहिला, पण नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय असल्याने त्या आकड्यावर विसंबता येत नाही. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे सरकारी मदतीचा फॉर्म भरता येईल. दुसऱ्या कॉलेजात जाऊन नुसत्या हौशी क्लब टीममध्ये खेळणं तिला नकोय.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया सांगा: अर्जाआधी फायनान्शियल एडचंही प्री-रीड मागता येतं का? ते कोचकडे मागायचं की थेट एड ऑफिसकडे? आणि मागितल्यामुळे टीममधली तिची जागा जाऊ शकते का?