मदत हवी आहे: बिबड्यांचे फोटो गूगलवर सापडावेत म्हणून आल्ट टेक्स्ट (फोटोचं लिखित वर्णन) कोणत्या लिपीत लिहू?

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातल्या आमच्या गावचा बचत गट ज्वारीचे बिबडे (पापडासारखा वाळवणाचा प्रकार), उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ विकतो. त्यांची वेबसाइट मी वर्डप्रेसवर करतोय. खान्देशाबाहेरच्या गिऱ्हाइकाला बिबडे म्हणजे काय ते सांगून कळत नाही, बघूनच कळतं. त्यामुळे फोटोंवरून लोक आमच्यापर्यंत यावेत असं फार वाटतं.

फोनमधले चार-पाच एमबीचे फोटो १२०० पिक्सेल रुंदीवर आणून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदललेत. रुंदी-उंची कोडमध्ये दिलीय, म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग आहे, म्हणजे वाचणारा तिथवर पोचायला आला की मगच ते उतरतात. सगळ्यात वरच्याला मुद्दाम नाही, कारण तोच उशिरा आला तर एलसीपी, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, अडीच सेकंदांत बसत नाही.

अडलंय ते आल्ट टेक्स्टवर. लोक 'बिबडे' देवनागरीत शोधतात, तसंच रोमन लिपीतही. आल्टमध्ये दोन्ही घातलं तर शब्द कोंबल्यासारखं होतं, आणि स्क्रीन रीडरवर (पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकणाऱ्या माणसाला उगाच त्रास. तो मला द्यायचा नाही. मग आल्ट मराठीत आणि फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवलं तर चालेल का? देवनागरी नाव दिलं की कॉपी केलेल्या लिंकमध्ये टक्क्यांच्या चिन्हांची रांग लागते.

मराठी साइट चालवणाऱ्या कुणी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून साइटवर आले ते दाखवणाऱ्या साधनात) शोधप्रकार 'इमेज' लावून पाहिलं असेल, तर कोणत्या लिपीतल्या शब्दांवरून लोक येतात तेवढं कृपया सांगा.