शनिवारवाड्यातली 'काका मला वाचवा' ही हाक : पुरे आता, की चालू दे?

पेठकर : अमावास्या आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड, आज रात्री शनिवारवाड्यातून हाक ऐकू येणार. अरे, नारायणरावांचा खून झाला 30 ऑगस्ट 1773 ला, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे पौर्णिमा तोंडावर आणि तेही भरदिवसा, मग ते अमावास्येच्या मध्यरात्री का ओरडतील? आणि आतला वाडा तर 1828 च्या आगीत गेला, भुतानं राहायचं कुठे?

डोंबिवलीची_सून : तिथी काढून भूत खोडणारा माणूस फक्त पुण्यातच मिळणार 😄 माझ्या आजीनं इतिहासाचं पुस्तक कधी उघडलं नाही, पण सुमेरसिंग गारदी, पळत जाऊन काकाला मारलेली मिठी सगळं तोंडपाठ, आणि 'काका' म्हणताना तिचा आवाज असा बारीक व्हायचा की आम्ही गोधडीत. 18 वर्षांचा पेशवा लोकांच्या लक्षात राहिलाय तो या हाकेमुळेच.

रातपाळी : तिथल्या रस्त्यानं रात्री घरी येतो. हॉर्न ऐकू येतात.

मोडीवेडी : हाक राहू द्या हो, तिचा कोणाला त्रास नाही. माझं डोकं फिरतं ते 'ध चा मा'नं. आनंदीबाईनं 'धरावे'चं 'मारावे' केलं असं सगळे छातीठोक सांगतात, तो खाडाखोडीचा कागद कोणी पाहिलाय? रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबाला, आणि म्हण चिकटली बायकोला!

खवचट : आमच्या ऑफिसात एक्सेलमध्ये कोणी आकडा फिरवला की आम्ही 'ध चा मा' म्हणतो, तेव्हा आनंदीबाई कोणाला आठवते? उगाच.

मोडीवेडी : तुम्हाला नसेल आठवत. आमच्याकडे जरा तोंड उघडणारी सून आली की 'आली आनंदीबाई' म्हणतात, ते काय कौतुकानं?

पेठकर : @डोंबिवलीची_सून आजीवर माझा आक्षेप नाहीच. आजी लोक गोष्ट सांगताना मध्ये मध्ये 'म्हणे' घालायचे, हाक ऐकू येते म्हणे, बाईनं अक्षर बदललं म्हणे. फॉरवर्डात तेवढाच शब्द गळतो आणि वर 'शास्त्रज्ञही चक्रावले' चिकटतं.

खवचट : म्हणजे भांडण एका शब्दाचं. परत ध चा माच की.

डोंबिवलीची_सून : बरं, मी आत्ताच ग्रुपवर टाकलं, 'आज रात्री शनिवारवाड्यातून हाक ऐकू येते म्हणे'. सासूबाईंचा रिप्लाय आला, "म्हणे काय, येतेच."